हिवाळ्यात करडं का दगावतात, आणि ती कशी वाचवायची



सोयाबीन घरात आलं, तूर शेंगेवर आली, हरभरा वर निघाला. आता संक्रांतीपर्यंत गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "काय करता ताई, थंडीनं पिल्लू गेलं." आणि सगळ्याजणी मान हलवतात. जणू थंडी आली की एखादं पिल्लू जायचंच.

गटाच्या कर्जातून बकरी घेतलेली बाई आपल्या प्रत्येक गावात आहे. बकरीनं दोन पिल्लं दिली की तिच्या डोक्यात हिशोब सुरू होतो. बोकड विकून हप्ते फेडायचे, पाठ घरी ठेवायची. त्यातलं एक पिल्लू गेलं तर अर्धा हिशोब मोडतो. हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून या अंकात हाच विषय घेतला.

थंडी एकटी मारत नाही

आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी चांगलं ऊन असतं आणि पहाटे हात गारठतात. मोठी बकरी एवढी थंडी सहज सोसते. तिच्या अंगावर केस आहेत आणि पोटात चूल आहे. चूल म्हणजे तिचं मोठं पोट. त्यात कडबा-कुटार आंबतं, पचतं, तेव्हा ऊब तयार होते.

नुकत्याच जन्मलेल्या करडाची ही चूल अजून पेटलेली नसते. वजन दोन-अडीच किलो, अंग ओलं, अंगावर चरबी नाही. त्याला तीन गोष्टी मारतात : ओल, वाऱ्याचा झोत आणि उपाशी पोट. या तिन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही.

पहिला तास

बकरी व्याली की आधी पिल्लाचं नाक-तोंड साफ करा. मग कोरड्या फडक्यानं किंवा पोत्यानं अंग चोळून पुसा. आईला चाटू द्या. चोळल्यानं अंगात रक्त खेळतं. नाळ चिमटीइतकी ठेवून स्वच्छ कापा आणि टोकाला टिंक्चर आयोडीन लावा.

त्यानंतर लगेच चीक पाजा. बऱ्याच घरी वार पडेपर्यंत चीक पाजत नाहीत. ही जुनी समजूत आता सोडायला हवी. बकरीच्या पोटात असताना पिल्लाला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती चिकातूनच येते. जन्मानंतर जसजसे तास जातात तसतशी ती शोषून घ्यायची पिल्लाच्या आतड्याची शक्ती कमी होते आणि साधारण एका दिवसात संपते. वार पडायला काही तास लागतात. तेवढा वेळ पिल्लू उपाशी राहिलं तर थंडीचं काम सोपं होतं. उलट पिल्लू सडाला लागलं की वार पडायलाही मदत होते.

किती पाजायचा? पहिल्या दिवसात पिल्लाच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका. दोन किलोच्या पिल्लाला अंदाजे २०० मिली, चार-पाच वेळा विभागून. दोन-तीन पिल्लं असतील तर अशक्त पिल्लाला आधी सडाला लावा, नाहीतर दांडगं पिल्लूच सगळं पिऊन टाकतं.

पिल्लू गार पडलं तर

पिल्लू मलूल दिसलं तर त्याच्या तोंडात बोट घालून बघा. तोंड कोमट लागलं तर ठीक. गार लागलं तर ते गारठलं आहे. अशा वेळी घाईनं तोंडात दूध ओतू नका. गारठलेल्या पिल्लाला नीट गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जातं. आधी त्याला कोरडं करा, गोधडीत गुंडाळा, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पोटाशी ठेवा. मान उचलून ते चोखायला लागलं की मग कोमट चीक किंवा दूध थोडं थोडं पाजा.

गोठा किती बंद करायचा?

इथे आपण जीव लावून चूक करतो. थंडी लागू नये म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री लावतो. आत मुताची वाफ कोंडते, नाकाला झोंबते, पत्र्याला पाणी सुटतं आणि तेच रात्रभर जनावरांच्या अंगावर टपकतं. अशा हवेत फुप्फुसं खराब होतात. पिल्लाला खोकला लागतो, पुढे न्यूमोनिया होतो, आणि आपण म्हणतो थंडी लागली.

तपासायची सोपी रीत आहे. पहाटे गोठ्यात जाऊन पिल्लाच्या उंचीवर खाली बसा. नाक-डोळे झोंबले तर गोठा जास्त बंद आहे. अंगावर सरळ वारा आला तर खालून उघडा आहे.

- वारा येतो त्या बाजूनं खालून कमरेइतकं बंद करा. तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड किंवा पोती शिवून केलेला पडदा पुरतो.
- छताखाली वीतभर जागा मोकळी ठेवा, म्हणजे वाफ बाहेर जाते.
- जमीन रोज झाडा. ओल्या जागी राख किंवा चुना टाका, वर कोरडं कुटार पसरा. ओलं झालेलं कुटार उचलून उकिरड्यावर टाका.
- पिल्लांसाठी कोपऱ्यात कोरडं कुटार घालून वेगळी जागा करा. टोपल्याखाली झाकत असाल तर हवा खेळेल असं टोपलं घ्या.
- शेकोटी गोठ्यात नको. धुरानं खोकला वाढतो आणि कुटार पेटायला एक ठिणगी पुरते.

नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी आपल्या जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, ती आठवा. आभाळ भरून आलं की शेळ्या लवकर आत घ्या. भिजल्याच तर पोत्यानं पुसून कोरड्या करा.

चारा आणि पाणी

संध्याकाळी पोटभर कोरडा चारा द्या : तुरीचं किंवा सोयाबीनचं कुटार, कडबा. रात्रभर तोच पचत राहतो आणि ऊब देतो. थंडी आहे म्हणून ज्वारी, मका किंवा भाकरी एकदम जास्त घालू नका, पोट बिघडतं. सकाळी दव वाळल्यावरच चरायला सोडा. ओला हरभरा किंवा ओलं लसूणघास उपाशी पोटी खाल्लं की पोट फुगतं.

गार पाणी बकरी कमी पिते. टाक्यातलं रात्रीचं पाणी पहाटे गार असतं, पण विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी कोमट असतं. तेच द्या. पिल्लं पाजणाऱ्या बकरीला पाणी कमी पडलं की दूध कमी होतं.

डॉक्टरांना कधी बोलवायचं?

बकरीच्या अंगाचा ताप साधारण १०२ ते १०४ फॅरनहाइट असतो, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. अंग नुसतं गरम लागलं म्हणून घाबरू नका, थर्मामीटर लावून बघा. ताप १०४ च्या वर गेला, नाकातून घट्ट शेंबूड आला, श्वास भरभर चालला किंवा पिल्लानं दूध सोडलं तर वाट बघू नका. खोकणाऱ्या जनावराला नळीनं तेल किंवा काढा पाजू नका, तो फुप्फुसात जातो. घरात उरलेलं औषधही देऊ नका.

ताप, तोंडात फोड आणि पातळ हगवण एकत्र दिसली तर पीपीआर असू शकतो. हा रोग एका बकरीकडून दुसरीकडे झपाट्यानं जातो. आजारी बकरी वेगळी बांधा आणि लगेच कळवा. याची लस आहे. पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर एकदा टोचली की साधारण तीन वर्षं संरक्षण मिळतं. गावातल्या पशुसखीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीबद्दल विचारा. पशुसेवेसाठी १९६२ हा मोफत फोन नंबर आहे. तो घरच्या भिंतीवर लिहून ठेवा.

येत्या बैठकीत एवढं करा

गटाच्या वहीत एक पान वेगळं काढा. कोणाची बकरी कधी व्याली, किती पिल्लं झाली, किती वाचली आणि जे गेलं ते कशानं गेलं, हे लिहा. "थंडीनं" एवढंच लिहू नका. चीक कधी पाजला होता, जागा ओली होती का, खोकला होता का, तेही लिहा. गटात एक थर्मामीटर घ्या, तो सगळ्यांना चालतो. ज्या ताईची बकरी या महिन्यात व्यायची आहे, तिच्या गोठ्यात दोघीजणी आधीच जाऊन बसून बघा, नाक झोंबतं का.

होळीपर्यंत हे पान भरा. मग प्रभाग संघाच्या बैठकीत सगळ्या गटांची पानं शेजारी ठेवू. कोणत्या गावात कशानं पिल्लं गेली ते दिसेल, आणि पुढच्या दिवाळीच्या आधी काय करायचं ते आपणच ठरवू.

तुमची,
क्षेत्रीय समन्वयक, लोणार