दोन गावें, एक स्वररचना

संगीत ही गुरुमुखानें घ्यावयाची विद्या, कागदावर तिची छाया तेवढी उतरते, असा आपल्याकडील पूर्वापार समज आहे व तो खोटा नाहीं. शाहू छत्रपतींच्या आश्रयानें करवीरांत राहिलेल्या अल्लादियाखांसाहेबांची गायकी शिष्यांनीं समोर बसूनच उचलली. असें असतां, कोल्हापुरांतील एक तरुण व नोकरीनिमित्त अमेरिकेस गेलेला त्याचा चुलतभाऊ मिळून एकच नवी रचना संगणकावर करूं शकतात, हें ऐकून घरांतील वडील मंडळी प्रथम हसतील. परंतु हा प्रकार आतां नित्याचा झाला आहे. म्हणून त्याचें मर्म आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

दोघांनीं एकाच क्षणीं वाजवावें, तर निसर्गच आडवा येतो. काचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. कोल्हापूर ते कॅलिफोर्निया हें अंतर १३,००० किलोमीटरांहून अधिक. म्हणजे सूर पोंचण्यासच सेकंदाचा पंधरावा भाग तरी लागणार, आणि उत्तर परत येईपर्यंत त्याच्या दुप्पट. वादकांचा मेळ याच्या निम्म्या विलंबानेंही ढळूं लागतो. म्हणून हे सहकारी एकत्र वाजवीत नाहींत, लिहून पाठवितात.

ही लिपि म्हणजे १९८३ सालीं प्रचारांत आलेली 'मिडी'. तींत ध्वनि नसतो. कोणती पट्टी केव्हां व किती जोरानें दाबली आणि केव्हां सोडली, एवढी आज्ञा आंकड्यांत असते. पंडित भातखंडे यांनीं चिजा स्वरलिपींत छापून जें कार्य केलें, त्याच जातीचें हें. फरक इतकाच कीं, ही लिपि यंत्र स्वतःच वाचून वाजवितें. तीन मिनिटांचें उत्तम ध्वनिमुद्रण सुमारें ३० मेगाबाइट भरतें. त्याच रचनेची मिडी फाईल बहुधा त्याच्या शतांशाहूनही लहान. एकानें तालाचें अंग लिहावें, दुसऱ्यानें त्यावर स्वर बसवावे, पहिल्यानें एखादा स्वर बदलून परत धाडावा, असा हा व्यवहार चालतो.

खरी अडचण श्रुतींची. भरतमुनींनीं सप्तकाच्या २२ श्रुति सांगितल्या: षड्ज, मध्यम व पंचम यांस चार चार, ऋषभ-धैवतांस तीन तीन, गांधार-निषादांस दोन दोन. यंत्राच्या सप्तकाचे मात्र १२ सारखे भाग. हा तंटा आपल्या मुलखांत नवा नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, व क्लेमंट्स या सनदी अंमलदाराच्या सहकार्यानें श्रुतींची पेटी सिद्ध करविली. १९१६ च्या बडोदें येथील संगीत परिषदेंत तिच्या स्वरांवर कसून वाद झाला. मोजलेला स्वर यंत्र देतें; तो रागाचा कीं नाहीं, हें कानच ठरवितो.

मिडींत स्वर किंचित् चढविण्या-उतरविण्यासाठीं १६,३८४ पायऱ्यांची सोय आहे. परंतु त्या किती अंतरांत पसरावयाच्या, हें प्रत्येक वाद्यांत वेगळें ठेवतां येतें. एकाकडे दोन पट्ट्यांची मर्यादा व दुसऱ्याकडे बारांची असली, तर इकडची एका पट्टीची मींड तिकडे सहा पट्ट्यांची उडी होते! शिवाय हा चढउतार एका वाहिनीवरील सर्व स्वरांस लागतो. म्हणून मिंडेचें वाद्य स्वतंत्र वाहिनीवर ठेवावें.

आमचें सांगणें असें: षड्ज, लय व मिंडेची मर्यादा आरंभींच ठरवावी, प्रत्येक आवृत्तीस अंक व तारीख घालावी, एके वेळीं एकानेंच हात लावावा, आणि फाईलीबरोबर तो भाग गाऊनही पाठवावा.

कर्तृत्वाचाही निर्णय आधींच लिहून ठेवावा. १९५७ च्या स्वामित्वाच्या कायद्याप्रमाणें, जेथें एकाचा वांटा दुसऱ्यापासून निराळा काढतां येत नाहीं, तेथें दोघेही संयुक्त कर्ते ठरतात. व मागें राहिलेल्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षें हक्क चालतो. एका गाण्यापायीं भावाभावांत कटुता येणें बरें नव्हे.

घरांतील वडिलांना यंत्राच्या कळा उमजल्या नाहींत तरी चालेल. मुलांनीं रचना ऐकविली असतां, "हा गांधार दरबारीचा नव्हे, थोडा उतरून आंदोलित हवा," एवढें त्यांनीं सांगावें. सोळा हजार पायऱ्यांतून नेमकी कोणती घ्यावी, हें शिकविणारा कान घराघरांत जिवंत राहिला, तर दोन गावांत लिहिलेलें संगीतही आपलेंच राहील.