समोरचा वारा

डिचोलीहून मयेच्या बाजूला सायकलने उतरताना पॅडल थांबवलं की फ्रीव्हील किरकिरतं आणि वारा छातीवर तळवा टेकवतो. ट्रॅक सायकलिंग म्हणजे या वाऱ्याशीच कुस्ती. फक्त तिथल्या सायकलला ना फ्रीव्हील, ना ब्रेक, ना बदलायचे गिअर. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत!

2023 ची राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरली, तरी ट्रॅकच्या शर्यती दिल्लीत झाल्या. कारण त्यांना वेलोड्रोम, म्हणजे सायकलींचा खास ट्रॅक, हवा. दिल्लीतला लाकडी आहे, 250 मीटरचा. अशा ट्रॅकची वळणं 40 अंशांहून अधिक कललेली असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती भिंतच वाटते. तिथे जपून, हळू जाणारा घसरतो. वेगात जाणारा मात्र भिंतीला चिकटून राहतो.

पण वेग महाग असतो. तो दुप्पट करायचा तर हवा कापायला ताकद आठपट लागते. जुन्या तालमीत यावर उपाय एकच होता, पाय घडवणं. रस्त्यावर मैलोन्‌मैल, कधी मोटारसायकलच्या आडोशाने, प्रशिक्षकाच्या हातात स्टॉपवॉच. आता पॉवर मीटर प्रत्येक क्षणाचे वॅट मोजतो आणि वाऱ्याच्या बोगद्यात कोपर किंचित आत घेतल्याचा फायदाही आकड्यात दिसतो. फरक तासाच्या विक्रमात दिसतो: 1972 मध्ये सायकलपटू एडी मर्क्सने तासाभरात 49.431 किलोमीटर कापले. 2022 मध्ये फिलिप्पो गान्नाने 56.792.

मग नवं ते सगळं सरस? 1993 मध्ये स्कॉटलंडचा ग्रेम ऑब्री याच तासाच्या विक्रमासाठी नॉर्वेतल्या हामारला गेला. त्याची सायकल घरी बनवलेली, तिच्यात धुलाई यंत्राचे बेअरिंग! पहिल्या दिवशी तो तिच्यासारख्याच नव्या कोऱ्या सायकलवर बसला आणि कमी पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या जुन्या सायकलवर बसून 51.596 किलोमीटर गेला, नवा विक्रम! पण त्याचं बसणं काळाच्या पुढचं होतं: हात छातीखाली दुमडलेले, वाऱ्याला अंग कमीत कमी. सायकल जुगाडाची, आणि जाण वाऱ्याची.

पेडण्यात मोपाच्या सड्यावर समोरून वारा आला की आपणही आपसूक हँडलवर वाकतो. ऑब्रीने तेच केलं, फक्त तासभर आणि हट्टाने.