चांद्रवीरांची रेकी आणि आपलं लोणार

मोहिमेआधी जमीन पाहून येतात, त्याला फौजेत 'रेकी' म्हणतात. अपोलोच्या अंतराळवीरांनीही ती केली. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उल्काविवरात ते दगड ओळखायला शिकले. ते शिक्षण कामी आलं. १९६९ ते १९७२ दरम्यान १२ जण चंद्रावर चालले आणि सहा मोहिमांत सुमारे ३८२ किलो दगडमाती घेऊन आले.

पण ॲरिझोनाचं विवर वालुकाश्म-चुनखडीतलं. चंद्रावरचे काळे डाग बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे. त्याच पाषाणातलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं उल्काविवर आपल्या बुलढाण्यात आहे: लोणार.

२०४० पर्यंत भारतीयाला चंद्रावर उतरवायचं देशाचं उद्दिष्ट आहे. त्याची रेकी लोणारला व्हावी. त्यासाठी विवराच्या काठावरचे दगड आजच जपायला हवेत. जय हिंद!