उद्योजकतेचा तास

उद्योजकता हा विषय महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत आता नवा राहिलेला नाही. पुणे विद्यापीठात बी.कॉम.ला ‘व्यावसायिक उद्योजकता’ हा विशेष विषय आहे, तंत्रनिकेतनांच्या पदविकेत उद्योजकता विकासाचा पेपर असतो आणि अभियांत्रिकीपासून व्यवस्थापनापर्यंत इतर शाखांतही तो कोणत्या ना कोणत्या नावाने शिरला आहे. पुष्कळ विद्यार्थी तो ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतात. व्याख्या पाठ करायच्या, उद्योजकाचे गुण मुद्देसूद लिहायचे, एक प्रकल्प अहवाल बांधून द्यायचा की झाले. हा विषय खरोखर अंगी लागतो तो अभ्यासक्रमाच्या दुसऱ्याच भागातून, आणि तो भाग वेळापत्रकात फारसा दिसत नाही.

पहिल्या प्रकरणात व्याख्या येतात. त्यांतली एक लक्षात ठेवण्याजोगी आहे. रिचर्ड कँटिलाँ या आयरिश-फ्रेंच अर्थतज्ज्ञाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, 1755 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मते उद्योजक म्हणजे ठरलेल्या भावाने घेणारा आणि न ठरलेल्या भावाने विकणारा माणूस. पगारदाराला महिनाअखेरीस काय मिळणार हे ठाऊक असते, उद्योजकाला नसते. पुढे जोसेफ शुंपेटरने 1911 च्या ग्रंथात उद्योजकाला नवे काही बाजारात आणणारा ठरवले: नवा माल, नवी पद्धत, नवी बाजारपेठ. परीक्षेत शुंपेटरला जास्त मान आहे. पण मंडईत सकाळी माल उचलणाऱ्या कोणालाही विचारले तर तो कँटिलाँच्या बाजूने बोलेल.

त्यानंतरचा प्रश्न जुना आहे. हे शिकवता येते का? व्यापार रक्तात असावा लागतो, ही आपल्याकडची पक्की समजूत. या समजुतीची तपासणी भारतातच झाली होती, हे अनेक विद्यार्थ्यांना वर्गात पहिल्यांदा कळते. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1961 मध्ये ‘द अचीव्हिंग सोसायटी’ हे पुस्तक लिहून असे मांडले की, काही माणसांत काम चोख करून दाखवण्याची एक आंतरिक ओढ असते आणि आर्थिक प्रगतीशी तिचा संबंध असतो. ही ओढ प्रशिक्षणाने वाढवता येते का, हे पाहण्यासाठी 1964 मध्ये हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या मदतीने आंध्रातल्या काकिनाडा गावच्या छोट्या व्यावसायिकांना निवडून प्रशिक्षण देण्यात आले. 

या प्रशिक्षणात भाषणे कमी आणि खेळ जास्त होते. त्यांतला कडी फेकण्याचा खेळ आजही अनेक वर्गांत खेळला जातो. जमिनीवर एक खुंटी असते आणि तिच्यात कडी अडकवायची असते. किती अंतरावरून फेकायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात आणि प्रत्येक कडी अडकवतात. काही जण खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातात. अडकली तर टाळ्या, नाही तर हशा. मॅक्लेलंड यांचे लक्ष तिसऱ्या गटाकडे होते. हे लोक मधल्या अंतरावर उभे राहतात, दोन-तीनदा फेकून पाहतात आणि मग अर्धा पाऊल पुढे-मागे सरकतात. कस लागेल पण साध्य होईल, एवढेच आव्हान ते पत्करतात. धोका पत्करणे म्हणजे डोळे मिटून उडी मारणे असे समजणाऱ्या विद्यार्थ्याला हा खेळ जितके सांगतो, तितके ‘जोखमीचे प्रकार’ या प्रकरणाची दहा पाने सांगत नाहीत.

प्रशिक्षण घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्या व्यावसायिकांशी केली गेली. प्रशिक्षित लोक अधिक हालचाल करताना दिसले. त्यांनी नवे व्यवसाय काढले, गुंतवणूक वाढवली, कामाचे तास वाढवले. मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनी 1969 मध्ये हा वृत्तान्त पुस्तकरूपाने मांडला. त्याच सुमारास गुजरातेत नवउद्योजकांसाठी प्रशिक्षणाचे प्रयोग सुरू झाले, 1983 मध्ये अहमदाबादला भारतीय उद्योजकता विकास संस्था उभी राहिली आणि 1988 मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, स्थापन झाले. महाविद्यालयातला आजचा पेपर या परंपरेतूनच आला आहे. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत मायल्स मेस यांनी 1947 मध्येच नव्या उद्योगांचा अभ्यासक्रम सुरू केला होता, पण त्याचा रोख वेगळा होता. भारतातला प्रश्न ‘धंदा कसा चालवावा’ यापेक्षा ‘धंदा करायला माणूस कसा तयार व्हावा’ हा होता.

वर्गात विषय जिवंत होतो तो हिशेब सुरू झाल्यावर. समजा, विद्यार्थ्यांच्या एका गटाने थालीपिठाची भाजणी विकायचे ठरवले. अर्धा किलोच्या पाकिटाला धान्य, भाजण्याचा गॅस, दळण, पिशवी आणि लेबल मिळून 62 रुपये लागतात आणि विक्रीची किंमत 100 रुपये आहे. गट फळ्यावर 38 रुपये नफा लिहून मोकळा होतो. मग शिक्षक विचारतात, विकणार कोण? दुकानदार ठेवेल, पण तो 20 रुपये घेईल. उरले 18. भाजणी करायला खोली लागेल. भाडे आणि वीज मिळून महिना 5,400 रुपये धरले, तर नुसता हा खर्च भरून निघायला 300 पाकिटे खपायला हवीत. म्हणजे रोजची दहा. याला ब्रेक-इव्हन म्हणतात, हे पुस्तकात असतेच. पण रोज दहा पाकिटे नेणारी घरे कोणती, हे पुस्तकात नसते.

खरी पंचाईत पुढेच आहे. चाळीस पाकिटांची एक खेप करायला दोघांचे सहा-सहा तास, म्हणजे बारा तास जातात. तासाला 60 रुपये मजुरी धरली तरी 720 रुपये झाले, म्हणजे पाकिटामागे बरोबर 18. शिल्लक शून्य. आता 300 काय आणि 3,000 काय, कितीही पाकिटे विकली तरी खोलीचे भाडे निघत नाही. ‘पण आम्ही स्वतःच करणार ना, मजुरी कशाला धरायची?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर मिळते की, परीक्षेच्या आठवड्यात तुमच्या जागी माणूस ठेवावा लागला, तर त्याला काय द्याल? घरोघरी चालणारे कितीतरी छोटे व्यवसाय आईच्या, बहिणीच्या, पत्नीच्या न मोजलेल्या श्रमांवर ‘नफ्यात’ असतात, हे विद्यार्थ्याला या आकडेमोडीत कळते. स्वतःच्या घरातला हिशेबही मग तो वेगळ्या नजरेने पाहू लागतो. या विषयातून एकच गोष्ट घरी न्यायची म्हटली, तर ही न्यावी.

याच धड्यासाठी लिज्जत पापडाचे उदाहरण वारंवार घेतले जाते आणि ते योग्यच आहे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईच्या गिरगावात सात गुजराती गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आजच्या विस्ताराचे आकडे विद्यार्थ्यांना आवडतात, पण शिकण्यासारखे आहे ते पहिल्या एक-दोन वर्षांत. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, चांगले आणि जरा स्वस्त. त्यांचे मार्गदर्शक छगनबापा पारेख यांनी सांगितले की, प्रत एकच ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. पापड खाटेवर, शेगडी खाटेखाली. या उपायाला पेटंट नाही, सादरीकरण नाही. पण अडचण नेमकी कोणती आणि ती हाताशी असलेल्या साधनांतून किती स्वस्तात सुटेल, हा प्रश्न त्यांनी सोडवला. शिवाय लाटणाऱ्या बाईच्या श्रमाची किंमत, म्हणजे वणाई, तिथे पहिल्यापासून हिशेबात आहे. भाजणीच्या गटाला नेमके तेच जमले नव्हते.

हाताशी आहे त्यातून सुरुवात करण्याच्या या रीतीला सिद्धान्ताचे रूप दिले ते भारतीय वंशाच्या संशोधक सारस सरस्वती यांनी. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात हर्बर्ट सायमन या नोबेल विजेत्याच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी 27 अनुभवी उद्योजकांना एक काल्पनिक व्यवसाय उभारायला दिला आणि विचार करताना ते मोठ्याने काय बोलतात, याची नोंद ठेवली. 2001 मध्ये त्यांचा गाजलेला शोधनिबंध आला. व्यवस्थापनाचे पुस्तक सांगते की, आधी उद्दिष्ट ठरवा, बाजाराचा अभ्यास करा, मग साधने जमवा. हे अनुभवी लोक उलट चालत होते. मी कोण, मला काय येते, माझ्या ओळखी कोणाशी, इथून ते सुरुवात करत. आणि किती कमावता येईल यापेक्षा किती गमावले तर चालेल, हे आधी ठरवत. परवडणारा तोटा ही कल्पना मराठी मध्यमवर्गीय विद्यार्थ्याला फार उपयोगी पडते, कारण त्याच्या घरात धंद्याची भीती बहुधा ‘सगळेच बुडाले तर’ या शब्दांत व्यक्त होते. सगळे लावायचेच नाही, हा पर्याय त्या बोलण्यात नसतो.

अभ्यासक्रमाचा दुसरा कसदार भाग म्हणजे ग्राहकाशी बोलणे. कॅलिफोर्नियातले उद्योजक-शिक्षक स्टीव्ह ब्लँक यांनी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढून गिऱ्हाइकांच्या दारात पाठवण्याचा आग्रह धरला, आणि आता आपल्याकडेही तो गृहपाठ दिला जातो. बहुतेक गट पहिल्या फेरीत चुकीचाच प्रश्न विचारतात. ‘आम्ही अशी भाजणी काढली तर घ्याल का?’ ओळखीच्या काकू ‘हो, घेऊ की’ म्हणतात; त्यात काकूंचे काही जात नाही. प्रश्न हवा तो असा की, मागच्या महिन्यात थालीपीठ किती वेळा झाले, भाजणी कुठून आणली, कितीला आणली? उत्तर ‘गावाहून आई पाठवते’ असे आले, तर तिथे गिऱ्हाईक नाही, हे कळते आणि तेही फुकटात. दहा घरांची अशी उत्तरे रंगीत तक्त्यांच्या अहवालापेक्षा मोलाची असतात, पण गुण अजून तक्त्यांनाच जास्त पडतात.

यशोगाथा मात्र जपून घ्याव्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा प्रत्येक पुस्तकात आहे आणि ती जिद्दीची कथा म्हणूनच सांगितली जाते: लोखंडाने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी लोखंडी नांगर विकला. हे खरेच आहे. पण नांगर खपत नव्हता त्या काळात घर कशावर चालले, हे विचारले तर कथा अधिक शिकवते. बेळगावात सायकलींचे दुकान होते, कडबा कापण्याची यंत्रे विकली जात होती. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी जागा दिली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. जोडीला दुसरे उत्पन्न आणि वेळेला उभा राहणारा आश्रयदाता, या दोन गोष्टी ‘उद्योजकाचे गुण’ या यादीत कधीच नसतात. पाहुण्या व्याख्यात्यांचेही तसेच. महाविद्यालय बोलावते ते यशस्वी माणसाला. धंदा बंद करून नोकरीला लागलेला माणूस व्यासपीठावर येत नाही, आणि उधारी कशी अंगावर आली हे तोच नीट सांगू शकतो.

उधारीवर तर वेगळे प्रकरण असायला हवे. माल गेला, बिल झाले, वहीत नफा दिसतो आणि खिशात पैसे नाहीत; छोटे व्यवसाय बहुधा इथे अडतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 चा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास व्याज द्यावे, असे त्यात स्पष्ट आहे. पण पुढची ऑर्डर हवी असलेला छोटा पुरवठादार मोठ्या गिऱ्हाइकाला कायदा दाखवायला धजत नाही. कायद्याचे कलम आणि खेळत्या भांडवलाचे गणित या दोन्ही गोष्टी अभ्यासक्रमात येतात, पण वेगवेगळ्या सत्रांत.

विद्यार्थिदशेतच व्यवसाय करू पाहणाऱ्यांसाठी काही सोयी आहेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि एआयसीटीई यांच्या 2019 च्या नवोपक्रम व स्टार्टअप धोरणानुसार, महाविद्यालयाने आपला पत्ता विद्यार्थ्याच्या कंपनीच्या नोंदणीसाठी वापरू देणे, हजेरीत सवलत देणे, मधे काही काळ शिक्षण थांबवून परत येऊ देणे, अशा तरतुदी करता येतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी 1 जुलै 2020 पासून ऑनलाइन आणि पूर्णपणे विनामूल्य आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नये. 2019 चे स्टार्टअप धोरण आपल्या महाविद्यालयाने स्वीकारले आहे का, याची चौकशी विद्यार्थ्यांनी प्राचार्यांच्या कार्यालयात जरूर करावी, आणि ती तिसऱ्या वर्षाची वाट न पाहता पहिल्याच वर्षी करावी.