दुर्बिणीचं ऑपरेशन नीट झालं, मग महिन्याभराने जखम का चिघळते?

पित्ताशयात खडे निघाले किंवा अपेंडिक्स काढायचं ठरलं, की खापरखेड्याहून पेशंटला घेऊन बरेच जण नागपूर गाठतात. दुर्बिणीतून ऑपरेशन होतं. पोटावर तीन-चार छोटी छिद्रं पडतात आणि दोन-तीन दिवसांत पेशंट घरी येतो. टाकेही सुकतात.

पण काही जणांना तीन-चार आठवड्यांनी त्याच छिद्राजवळ गाठ येते, त्यातून पाणी किंवा पू येऊ लागतो. ताप सहसा नसतो. गोळ्यांचा एक कोर्स संपतो, दुसरा संपतो, तरी जखम भरत नाही. घरचे म्हणतात, पथ्य पाळलं नसेल.

अशा वेळी दोष पेशंटचा असेलच असं नाही. जंतू ऑपरेशनच्या अवजारासोबतच आत गेलेला असू शकतो.

हा जंतू कोणता?

तो टीबीच्या जंतूच्या कुळातला आहे, पण त्याने टीबी होत नाही. मायकोबॅक्टेरियम केलोनी आणि मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम ही त्याची नेहमी सापडणारी नावं. तो मातीत असतो, नळाच्या पाण्यातही असतो. धडधाकट माणसाला त्या पाण्याने सहसा काही होत नाही. तोच जंतू त्वचेखाली पोहोचला, की त्रास सुरू होतो. त्याच्यावर मेणासारखं जाड आवरण असतं. त्यामुळे नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स आणि काही जंतुनाशकंही त्याच्यावर पुरेशी चालत नाहीत.

भारतात असं घडलंय का?

हो. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. पुढे ही पद्धत गावोगावी पोहोचली. २००१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर झालेल्या केलोनीच्या संसर्गाची नोंद प्रसिद्ध केली. २००६ मध्ये बंगळुरूहून आलेल्या अहवालात असे ३५ रुग्ण होते. तिथे शोध घेतल्यावर उगम सापडला तो पाण्यात. अवजारं जंतुनाशकातून काढल्यावर ज्या पाण्याने खळबळली जात होती, त्या पाण्यातच जंतू होते.

औषधात बुडवलेलं अवजार निर्जंतुक नसतं का?

इथेच खरी गल्लत होते. ‘धुतलेलं’, ‘जंतुनाशकात ठेवलेलं’ आणि ‘निर्जंतुक केलेलं’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुर्बिणीच्या अवजारांना लांब नळ्या आणि बारीक सांधे असतात. त्यांत रक्ताचा कण अडकला, तर त्याच्या आड जंतू सुरक्षित राहतात. म्हणून आधी सांधे सुटे करून, ब्रशने घासून धुणं भाग असतं.

अनेक ठिकाणी त्यानंतर अवजारं ग्लुटाराल्डिहाइड नावाच्या द्रावणात वीसेक मिनिटं ठेवतात. एका दिवसात अनेक ऑपरेशनं आणि अवजारांचा संच एकच, हे त्याचं एक मोठं कारण. पण या द्रावणाने पूर्ण निर्जंतुक व्हायला ८ ते १० तास लागतात. शिवाय नंतर साध्या पाण्याने खळबळलं, तर केलेली मेहनत वाया जाते.

खात्रीचा मार्ग म्हणजे ऑटोक्लेव्ह. पाणी नुसतं उकळलं तर १०० अंशांवर थांबतं आणि काही जंतूंचे बीजाणू त्यातून वाचतात. वाफ दाबाखाली कोंडली, की तापमान १२१ अंशांवर जातं आणि १५ ते २० मिनिटांत बीजाणूही मरतात. दाबाखालच्या वाफेत किती ताकद असते, हे वीज केंद्राच्या खापरखेड्याला वेगळं सांगायला नको. घरातला कुकरही याच तत्त्वावर चालतो.

मग सगळंच ऑटोक्लेव्ह करायचं का?

नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी यासाठी एक सोपी विभागणी सांगितली होती. शरीर छेदून आत जाणारं अवजार पूर्ण निर्जंतुकच हवं. घशातून किंवा अन्ननलिकेतून जाणाऱ्या एंडोस्कोपसारख्या उपकरणाला तीव्र जंतुनाशक लागतं. स्टेथोस्कोप, बीपीचा पट्टा अशा फक्त अखंड त्वचेला लागणाऱ्या वस्तू प्रत्येक पेशंटनंतर जंतुनाशकाने पुसल्या तरी चालतात. अर्थात, त्या खरंच पुसायला हव्यात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे १५ जणांना तिथे किमान एक संसर्ग होतो. श्रीमंत देशांत हे प्रमाण ७ आहे. अवजारं हे त्यामागचं एकमेव कारण नाही, पण टाळता येण्याजोगं नक्की आहे.

तुम्ही काय करू शकता?

- घाबरून ऑपरेशन टाळू नका. दुर्बिणीच्या पद्धतीत दोष नाही, प्रश्न अवजारांच्या स्वच्छतेचा आहे.
- ऑपरेशनआधी विचारा: “डॉक्टर, अवजारं ऑटोक्लेव्ह करता की औषधात बुडवता?” हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.
- सुकलेली जखम काही आठवड्यांनी पुन्हा वाहू लागली, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच जा आणि ऑपरेशनची तारीख सांगा.
- पू तपासायला देताना “टीबीच्या कुळातल्या जंतूंसाठीही तपासणी करता येईल का?” असं विचारा. दोन दिवसांच्या नेहमीच्या कल्चरमध्ये हा जंतू निसटू शकतो.
- निदान झाल्यावर औषधं अनेक महिने चालू शकतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

आणि घरात कुणाची जखम अशी रेंगाळली असेल, तर “पथ्य पाळलं नसेल” म्हणण्याआधी एकदा पू तपासून घ्या.