गाडी सावध, चालक गाफील?

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत मामा मला न्यायला शाळेत आले होते. गाडी नवीकोरी होती. हायवेला लागल्यावर त्यांनी ताशी ९० किलोमीटर वेग ठरवून दिला आणि पेडलवरून पाय काढून घेतला. पुढच्या वाहनापासूनचे अंतर गाडीच राखत होती आणि लेनच्या मध्यभागी राहण्यासाठी स्टिअरिंगही थोडेथोडे वळवत होती. मला गंमत वाटत होती.

निपाणीच्या पुढे अंधार पडला. मामा स्क्रीनवर गाणे बदलत होते. तेवढ्यात मला रस्त्याच्या कडेला, अर्धी आमच्या लेनमध्ये, उसाची ट्रॉली उभी दिसली. तिला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मी ओरडलो, त्यानंतर गाडीचा इशारा वाजला आणि मामांनी कचकन ब्रेक दाबला. आम्ही थांबलो तेव्हा ट्रॉलीतले ऊस हेडलाइटच्या उजेडात मोजता आले असते.

मामांनी बावीस वर्षे टेम्पो चालवला, एकही अपघात केला नाही. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "जुन्या गाडीत असतो तर ही मला लांबूनच दिसली असती."

असे का व्हावे? सुट्टीत मी याबद्दल वाचले, ते इथे सांगतो.

प्रतिक्रियेचा वेळ म्हणजे फक्त पाय हलायला लागणारा वेळ नव्हे. आधी वस्तू दिसावी लागते, मग ती काय आहे हे ओळखावे लागते, मग काय करायचे ते ठरवावे लागते आणि शेवटी पाय ब्रेकवर जातो. ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. सावध चालकाला या सगळ्यासाठी दीड सेकंद लागला असे धरले, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी साडेसदतीस मीटर पुढे गेलेली असते. लक्ष दुसरीकडे असल्यामुळे तीन सेकंद लागले, तर ७५ मीटर. हा फरक परेड ग्राउंडवर मोजून पाहा. आपल्या ३० इंची कदमाने तो सुमारे पन्नास कदम भरतो.

आता प्रश्न असा, की लक्ष जाते कुठे? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडार चालवणारे जवान तासन्‌तास पडद्याकडे पाहत बसत आणि शत्रूची पाणबुडी दाखवणारी खूण त्यांच्या नजरेतून सुटे. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला. त्याने जवानांना एका घड्याळासमोर बसवले. घड्याळाचा काटा एकेक टप्पा पुढे सरके, पण क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी दिसली की बटण दाबायचे. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुकणाऱ्या उड्या वाढल्या. १९४८ मध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाताला काम नसताना नुसती राखण करणे माणसाला फार वेळ जमत नाही. त्यात आळशीपणाचा प्रश्न नाही, मेंदूच तसा आहे.

मामांच्या गाडीने नेमके हेच केले. सोपे काम स्वतः घेतले आणि राखण तेवढी मामांकडे ठेवली.

याचे गंभीर उदाहरण १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील टेंपी शहरात घडले. उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि ती मरण पावली. गाडीच्या यंत्रणेने तिला सुमारे साडेपाच सेकंद आधी टिपले होते, पण ती पादचारी आहे हे ओळखले नव्हते. गाडीत देखरेखीसाठी माणूस होता, मात्र त्याची नजर मोबाइलवर होती. तपासात कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थेतील उणिवाही नोंदवल्या गेल्या.

मग हे तंत्रज्ञान वाईट का? नाही. धडक होणार असे दिसताच स्वतः ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेमुळे पुढच्या वाहनावर मागून आदळण्याचे अपघात जवळपास निम्म्याने कमी होतात, असे अमेरिकेतील अभ्यासात दिसले आहे. फरक इथे आहे: ही यंत्रणा चालकाचे रोजचे काम काढून घेत नाही, तो चुकला तरच मदतीला येते. जी यंत्रणा रोजचे काम काढून घेते, ती वापरताना मात्र लक्ष जास्त द्यावे लागते. शिवाय उभ्या वाहनाला ओळखण्यात अशा यंत्रणा कधीकधी कमी पडतात, आणि आपल्या रस्त्यांवर ऊसहंगामात ट्रॉल्या जागोजागी उभ्या असतात.

कॅम्पमध्ये रात्रीच्या पहाऱ्यावर आमचे उस्ताद एका जागी उभे राहू देत नाहीत. चालायला लावतात, ठरावीक वेळाने रिपोर्ट मागतात आणि वेळेवर बदली देतात. गाडीतही तेच करता येईल. हात स्टिअरिंगवर ठेवा, आरसे पाहत राहा, दर दोन तासांनी थांबा, आणि अंधारात किंवा गावाजवळून जाताना वेग स्वतःच्या पायाने सांभाळा.

सुट्टी संपल्यावर मामाच मला सोडायला आले. निपाणी जवळ आली तेव्हा त्यांनी ती यंत्रणा बंद केली आणि मला म्हणाले, "गाणी तू बघ, रस्ता मी बघतो."