यजमान घरीं, पंगत परगांवीं

इंडियन प्रीमियर लीगचें नांव ज्या घरांत ऐकूं येत नाहीं असें कुटुंब आतां विरळा. चैत्र-वैशाखांतल्या संध्याकाळीं आजोबांपासून नातवापर्यंत सारी मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसतात. पानें मांडल्याची हांक दोनदां येऊनहि कोणी हालत नाहीं. संघांचीं नांवें मुंबई, चेन्नई, कलकत्ता अशीं आपल्याच शहरांचीं. परंतु हे संघ आजवर चार वेळां समुद्रापलीकडे जाऊन खेळले, याचा विचार आमच्या वाचकांनीं अवश्य करावा.

पहिला प्रसंग २००९ सालचा. आदल्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झालेला. ३ मार्चला लाहोर येथें श्रीलंकेच्या संघाच्या बसवर गोळीबार झाला. आणि एप्रिल-मे महिन्यांत लोकसभेची निवडणूक. मतदान व सामने या दोहोंस एकाच वेळीं पुरेल इतकें पोलिसबळ देणें सरकारास कठीण वाटलें. स्पर्धा पुढें ढकलावी, हें कोणाहि गृहस्थास सुचेल. पण जूनमध्यें इंग्लंडांत विश्वचषक, त्यामागून इकडे पावसाळा, आणि प्रक्षेपणाचे मोठमोठे करार झालेले. २२ मार्चला देशाबाहेर जाण्याचें ठरलें, दोन दिवसांत दक्षिण आफ्रिका मुक्रर झाली, आणि १८ एप्रिलला केप टाउन येथें पहिला चेंडू पडला. चार आठवड्यांच्या आंत आठ मैदानांची व्यवस्था! आमच्याकडे एक मुंज ठरली तरी कार्यालयापासून आचाऱ्यापर्यंत तीन महिने पुरत नाहींत. तेव्हां चालकांच्या तडफेबद्दल आमचा वाद नाहीं.

वाद आहे तो निराळाच. तेथील घड्याळ आपल्याहून साडेतीन तास मागें. म्हणून मुख्य सामना तेथें दुपारीं साडेचारास सुरू करीत, कीं आपल्याकडे रात्रीचे आठ वाजलेले असावेत. पंगत तिकडे, पण वाढणें इकडच्या भुकेच्या बेतानें! मैदानावर येऊन बसणारा प्रेक्षक हा यजमान नव्हेच, हें या एका गोष्टीवरून उघड होतें. पहिल्याच दिवशीं अनिल कुंबळे यांनीं पांच धावांत पांच गडी बाद केले. पण बंगलोरच्या मुलांस तें समक्ष पाहतां आलें नाहीं. २४ मे रोजीं हैदराबादच्या संघानें बंगलोरच्या संघाचा सहा धावांनीं पराभव केला, तो जोहान्सबर्ग येथें. दरबानकडील भारतीय वंशाच्या मंडळींस घरबसल्या हा सोहळा लाभला, एवढेंच त्यांतलें सुख.

प्रा. दि. ब. देवधर पुण्यास संस्कृत शिकवीत आणि महाराष्ट्राच्या संघाचें नेतृत्वहि करीत. १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक त्यांनीं आणला. ज्या गांवांत शिकवावें त्याच गांवासाठीं खेळावें, असा तो काळ होता. तो परत येणार नाहीं, हें आम्ही जाणतों.

२०१४ सालीं पुन्हां निवडणूक आली, तेव्हां पहिले वीस सामने अबू धाबी, दुबई व शारजा येथें झाले. मे महिन्यांत संघ स्वदेशीं परतले. परंतु २०१९ व २०२४ या दोन्ही निवडणुकांच्या वर्षीं मतदानाच्या तारखा पाहून वेळापत्रक आंखलें आणि सर्व सामने देशांतच झाले. मनांत असलें म्हणजे मार्ग निघतो तो असा. आपल्या प्रांतानें २०१६ सालीं एक वेगळेंच स्थलांतर पाहिलें. लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागत असतां मैदानांवर पाणी कसें शिंपावें, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर आला, आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे लागले. तो निर्णय आम्हांस मनापासून पटला.

करोनाच्या सांथींत २०२० ची संपूर्ण स्पर्धा अमिरातींत रिकाम्या मैदानांवर झाली. त्यास इलाज नव्हता. मात्र २०२१ च्या एप्रिलांत लोक प्राणवायूसाठीं दारोदार फिरत असतां येथें सामने चालूच होते, हें आम्हांस आजहि सहन होत नाहीं. ४ मे रोजीं, खेळाडूंसच बाधा झाल्यावर, २९ सामन्यांनंतर स्पर्धा थांबली. ती त्यापूर्वींच थांबावयास हवी होती. उरलेले ३१ सामने पुन्हां अमिरातींत झाले. विजयादशमीस, १५ ऑक्टोबरला, चेन्नईनें कलकत्त्याचा पराभव करून सोनें लुटलें तें दुबईस. चेन्नईच्या संघास लीगमधील सामना आपल्या चेपॉकच्या मैदानावर घरचा म्हणून पुन्हां खेळावयास ३ एप्रिल २०२३ उजाडावा लागला.